फ्रान्समधील चर्चवास्तू व ऐतिहासिक नगरे

फ्रान्समधील मध्ययुगीन कॅथीड्रल, मठ व ग्रामचर्च आणि त्यांच्याभोवती वाढलेली जुनी नगरे यांचा समूह. पश्चिम यूरोपच्या वास्तुकलेतील रोमनेस्क शैलीचा मोठा विस्तार आणि गॉथिक शैलीचा उगम फ्रान्समध्ये झाला; त्यामुळे वास्तुकलेच्या अभ्यासकांप्रमाणेच सामान्य प्रवाशांनाही या वास्तूंचे आकर्षण वाटत आले आहे. तथापि आज प्रवाशाला दिसणारी चर्चवास्तू मध्ययुगातून जशीच्या तशी आलेली नसते. धर्मयुद्धे, राज्यक्रांती, महायुद्धे व आगी यांतून ती बचावलेली असते. अनेकदा तिचा मोठा भाग एकोणिसाव्या वा विसाव्या शतकात पुन्हा घडविलेला असतो. कोणती वास्तू राखावी, ती कोणत्या रूपात राखावी व तिचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नांची फ्रेंच समाजाने वेळोवेळी दिलेली उत्तरे या दगडांत वाचता येतात.

नगरांची घडण : फ्रान्समधील जुन्या नगरांचे उगमानुसार साधारणपणे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार रोमन काळापासूनच्या नगरांचा. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर यांपैकी अनेक नगरे बिशपची पीठे बनली आणि जुन्या तटबंदीच्या आत कॅथीड्रल उभे राहिले. रँस, रूआं व आर्ल ही या प्रकारची उदाहरणे होत. आर्ल येथे रोमन प्रेक्षागार आणि बाराव्या शतकातील शिल्पसमृद्ध द्वारामुळे प्रसिद्ध असलेले सँ-त्रोफीम हे चर्च थोड्या अंतरावर आहेत. दुसरा प्रकार मठाच्या आश्रयाने वाढलेल्या वस्त्यांचा. बर्गंडीतील क्लूनी व व्हेझले, तसेच दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशातील काँक ही गावे मठामुळे वसली. तिसरा प्रकार व्यापारी नगरांचा. बाराव्या व तेराव्या शतकांत शँपेन प्रदेशातील त्र्वा व प्रॉव्हँ येथे भरणाऱ्या जत्रांत फ्लँडर्सचे कापड व भूमध्य समुद्राकडील माल यांची देवघेव होई. प्रॉव्हँची तटबंदी व व्यापाऱ्यांची कोठारे आजही पाहावयास मिळतात.

नगर व चर्च यांचा संबंध केवळ धार्मिक नव्हता. कॅथीड्रलची घंटा दिवसाची वाटणी करी. त्याच्या अंगणात बाजार भरे. संतांच्या अवशेषांच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंमुळे खाणावळी, धर्मशाळा व कारागीर यांचा चरितार्थ चाले. स्पेनमधील सांत्यागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे जाणारे चार प्रमुख मार्ग फ्रान्समधून जात; त्यांचे आरंभ तूर, व्हेझले, ल प्वी आणि आर्ल येथे मानले जातात. या मार्गांवरील मठांना अवशेषांचे महत्त्व इतके वाटे की, नवव्या शतकात काँक येथील एका भिक्षूने आझां या नगरातून संत फ्वा हिचे अवशेष चोरून आणले, ही घटना मठाने लपविली नाही. उलट ती संताचीच इच्छा मानण्यात आली.

रोमनेस्क शैली : इ. स. १००० नंतरच्या दोन शतकांत फ्रान्समध्ये दगडी चर्चे मोठ्या संख्येने उभारण्यात आली. लाकडी छतांना आग लागण्याचे भय असल्याने दगडी कमानछत घालण्याकडे कल वाढला. अर्धवर्तुळाकार कमानीच्या छताचा भार भिंतीला बाहेर ढकलतो. त्यामुळे भिंती जाड व खिडक्या लहान ठेवाव्या लागत. या मर्यादेतूनच रोमनेस्क वास्तूंचे गंभीर व काहीसे अंधारे स्वरूप निर्माण झाले. यात्रेकरूंची गर्दी उपासनेत व्यत्यय न आणता अवशेषांपर्यंत पोहोचावी, म्हणून वेदीमागून फिरणारा प्रदक्षिणामार्ग व त्याला लागून लहान उपासनाकक्ष अशी रचना रूढ झाली. चर्चचा अक्ष सामान्यतः पश्चिम-पूर्व असतो. प्रवेश पश्चिमेकडून व वेदी पूर्वेकडे असते.

व्हेझले येथील सँत मारी मादलेन हे चर्च या शैलीचे उत्कृष्ट उदाहरण आहे. टेकडीच्या माथ्यावरील या मठाच्या परिसरात ११४६ मध्ये क्लेर्व्होचा संत बर्नार्ड याने दुसऱ्या क्रुसेडचे आवाहन केले. आतील मुख्य द्वारावर अर्धवर्तुळाकार शिल्पपट असून त्यात ख्रिस्त आपल्या शिष्यांना जगातील सर्व लोकांकडे धाडत असल्याचे दाखविले आहे. दक्षिणायनाच्या आरंभी, म्हणजे जूनअखेरच्या माध्याह्नी, वरच्या खिडक्यांतून येणारे प्रकाशाचे ठिपके मध्यदालनाच्या बरोबर मधोमध एका रांगेत पडतात.

काँक येथील सँत फ्वा चर्चच्या पश्चिम द्वारावर अंतिम न्यायाचा प्रसंग कोरलेला असून त्यात सु. १२४ आकृती आहेत. ओतं येथील सँ-लाझार चर्चच्या द्वारावरही हाच विषय आहे. तेथे ख्रिस्ताच्या पायांखाली गिझलेबेर्तुस हे नाव कोरलेले आढळते. ते शिल्पकाराचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते ते आश्रयदात्याचे असावे.

गॉथिक शैली : पॅरिसच्या उत्तरेस असलेल्या सँ-दनी येथील मठाचा अधिपती सूझेर याने ११४०–४४ या काळात चर्चचा पूर्वेकडील भाग नव्याने बांधविला. टोकदार कमान व छताखालील दगडी धावा यांचा एकत्रित वापर येथे इतक्या कौशल्याने झाला की, या वास्तूपासून गॉथिक शैलीचा आरंभ मानण्यात येतो. टोकदार कमानीमुळे भार अधिक सरळ खाली उतरतो. धावा तो ठराविक खांबांवर नेतात. पुढे भिंतीबाहेरून टेकू देणाऱ्या अधांतरी अर्धकमानींची त्यास जोड मिळाली. त्यामुळे खांबांमधील भिंत भाराच्या दृष्टीने अनावश्यक ठरली व तिची जागा काचेने घेतली. उंची व प्रकाश ही गॉथिक वास्तूची दोन्ही वैशिष्ट्ये या एकाच रचनात्मक बदलातून निर्माण झाली.

शार्त्र येथील जुने कॅथीड्रल ११९४ मधील आगीत बव्हंशी जळाले. तेथे जतन केलेले, परंपरेनुसार मेरीने परिधान केलेले वस्त्र मात्र सुरक्षित सापडले. ही पुनर्बांधणीची दैवी आज्ञाच होय, अशी लोकांची भावना झाली आणि वास्तूचा मुख्य भाग सु. १२२० पर्यंत पूर्ण झाला. कॅथीड्रलचे धर्मार्पण १२६० मध्ये झाले. पश्चिम दर्शनी भागावरील दोन शिखरे परस्परांहून भिन्न आहेत. दक्षिणेकडील साधे शिखर बाराव्या शतकातील असून उत्तरेकडील नक्षीदार शिखर सोळाव्या शतकाच्या आरंभी झां द बोस याने बांधले. कॅथीड्रल हे एका पिढीचे काम नसते, हे या विसंगतीवरून प्रथमदर्शनीच लक्षात येते.

उंचीची स्पर्धा तेराव्या शतकात वाढत गेली. शार्त्रच्या मध्यदालनाची उंची सु. ३७ मी., तर १२२० मध्ये आरंभ झालेल्या आम्यँ येथील कॅथीड्रलची ४२ मी.हून थोडी अधिक आहे. बोव्हे येथे ती ४८ मी.पर्यंत नेण्यात आली; परंतु १२८४ मध्ये तेथील छताचा काही भाग कोसळला. सोळाव्या शतकात याच चर्चवर १५० मी.हून उंच मनोरा उभारण्यात आला. तोही १५७३ मध्ये पडला. मध्यदालन कधीच बांधले गेले नाही. स्ट्रॅस्बर्ग येथील १४२ मी. उंचीचा मनोरा १४३९ मध्ये पूर्ण झाला व तो आजतागायत उभा आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये गॉथिक शैलीने वेगळे वळण घेतले. आल्बीच्या परिसरात कॅथार पंथाचा प्रभाव होता. त्याविरुद्ध रोमन चर्चने १२०९–२९ या काळात क्रुसेड पुकारले. त्यानंतर १२८२ मध्ये आल्बी येथे सँत सेसील या कॅथीड्रलचे काम सुरू झाले. ते विटांचे असून त्याच्या उंच, सपाट भिंती व अरुंद खिडक्या किल्ल्याची आठवण करून देतात. पराभूत प्रदेशावर चर्चची सत्ता प्रस्थापित झाल्याचे ते दृश्य चिन्ह होते. उत्तरेकडील कॅथीड्रल पाहून आलेल्या प्रवाशाला हा फरक ठळकपणे जाणवतो.

चित्रकाच : धातुजन्य द्रव्यांनी रंगविलेल्या काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून चित्रकाच तयार करीत. चेहरा, वस्त्रांच्या चुण्या इ. तपशील गडद रंगाने काढून तो भट्टीत पक्का करण्यात येई. शार्त्र येथे सु. २,६०० चौ. मी. चित्रकाच असून तिचा बराचसा भाग मूळचा बाराव्या-तेराव्या शतकांतील आहे. बहुतेक कथाचित्रे खालून वर अशी वाचावयाची असतात. अनेक खिडक्यांच्या तळाशी पाव भाजणारे, चांभार, सुतार, फरचे व्यापारी इत्यादींची दृश्ये आहेत. या व्यावसायिकांनी खिडक्यांचा खर्च दिला असावा, असे पूर्वी सरसकट मानीत. आता काही अभ्यासक याविषयी शंका घेतात. पॅरिस येथील सँत शापेल हे नवव्या लूईने ख्रिस्ताच्या मानल्या गेलेल्या काट्यांच्या मुकुटासाठी बांधविलेले व १२४८ मध्ये अर्पण झालेले लहान राजचर्च आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर भिंत जवळजवळ दिसतच नाही. पंधरा उंच खिडक्यांत सु. १,१०० प्रसंग रंगविले आहेत.

विध्वंस : सोळाव्या शतकातील धर्मयुद्धांत अनेक चर्चमधील मूर्ती फोडण्यात आल्या. १५६८ मध्ये ऑर्लेआं येथील कॅथीड्रल प्रॉटेस्टंटांनी उद्ध्वस्त केले. त्याची गॉथिक शैलीतच सुरू झालेली पुनर्बांधणी १८२९ मध्ये संपली. अठराव्या शतकात खुद्द धर्माधिकाऱ्यांनाच मध्ययुगीन कला ओबडधोबड वाटू लागली. ओतं येथील शिल्पपट त्यांनी १७६६ मध्ये गिलाव्याखाली झाकून टाकला. पुढे आलेले ख्रिस्ताचे मस्तक त्यावेळी छाटण्यात आले. परंतु या गिलाव्यामुळेच राज्यक्रांतीच्या काळात शिल्पपट कोणाच्या नजरेस आला नाही. १८३७ मध्ये गिलावा काढण्यात आला व मस्तक १९४८ मध्ये पुन्हा बसविण्यात आले. तुच्छतेपोटी झालेले हे कृत्य संरक्षणास कारण ठरले.

फ्रेंच राज्यक्रांतीने २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या अधीन केली. त्यानंतर मठ विसर्जित करण्यात आले व त्यांच्या इमारती लिलावात विकल्या गेल्या. काही चर्चे धान्याची कोठारे वा तबेले बनली. माँ-सँ-मीशेल येथील मठ तुरुंग झाला आणि तो १८६३ पर्यंत तुरुंगच राहिला. आव्हीन्याँ येथील पोपचा राजवाडा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सैनिकांची बराक होता. पॅरिस येथील नोत्रदामच्या दर्शनी भागावर बायबलमधील जुडाच्या राजांचे पुतळे होते. ते फ्रान्सचे राजे आहेत अशा समजुतीने १७९३ मध्ये त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांपैकी एकवीस मस्तके १९७७ मध्ये पॅरिसमधील एका जागेच्या खोदकामात पुरलेली सापडली. काँक येथे मात्र रहिवाशांनी मठातील सुवर्णमूर्ती व इतर मौल्यवान वस्तू आपापल्या घरांत लपवून ठेवल्या आणि धोका टळल्यावर परत आणून दिल्या.

सर्वांत मोठी हानी क्लूनी येथे झाली. दहाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या या मठाचे तिसरे चर्च १०८८ मध्ये बांधावयास घेण्यात आले. सु. १८७ मी. लांबीचे हे चर्च रोममधील सेंट पीटर चर्चची पुनर्बांधणी होईपर्यंत ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे होते. १७९८ मध्ये ते व्यापाऱ्यांना विकले गेले व पुढील पाव शतकात दगडांसाठी पाडण्यात आले. आज त्याचा सु. एक दशांश भाग शिल्लक असून त्यात आडव्या दालनाचा दक्षिणेकडील भाग व त्यावरील अष्टकोनी मनोरा यांचा समावेश होतो. या एका बाजूच्या उंचीवरून प्रवाशाला हरवलेल्या वास्तूच्या आकाराची कल्पना करावी लागते.

संरक्षण व जीर्णोद्धार : क्लूनीचे पाडकाम संपत असतानाच लोकमत बदलू लागले. व्हिक्टर ह्यूगो याची नोत्रदामवरील कादंबरी १८३१ मध्ये प्रसिद्ध झाली व तिने मध्ययुगीन वास्तूंविषयी आस्था जागविली. त्याआधी १८३० मध्ये शासनाने ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक हे पद निर्माण केले होते. या पदावर १८३४ मध्ये आलेला लेखक प्रॉस्पेर मेरीमे याने देशभर प्रवास करून मोडकळीस आलेल्या वास्तूंच्या नोंदी केल्या. १८४० मध्ये साहाय्यास पात्र अशा सु. एक हजार वास्तूंची पहिली यादी तयार झाली. त्याच वर्षी मेरीमेच्या शिफारशीवरून व्हेझलेचे ढासळू लागलेले चर्च सावरण्याचे काम अझेन व्ह्यॉले-ल-द्यूक (१८१४–७९) या सव्वीस वर्षांच्या वास्तुविशारदाकडे सोपविण्यात आले. त्याने ते वाचविले. पुढे नोत्रदाम, कार्कासॉनची तटबंदी इ. अनेक वास्तूंचे काम त्याने केले.

व्ह्यॉले-ल-द्यूकच्या मते, जीर्णोद्धार म्हणजे वास्तूची केवळ दुरुस्ती नव्हे. तिला तिच्या शैलीच्या तर्काने परिपूर्ण रूप देणे होय, मग ते रूप पूर्वी कधी प्रत्यक्षात नसले तरी चालेल. इंग्रज टीकाकार जॉन रस्किन याने याच्या अगदी उलट भूमिका घेतली. त्याच्या मते, जुन्या कारागिराचा हात पुन्हा आणता येत नाही; म्हणून असा जीर्णोद्धार हा नाशाचाच एक प्रकार आहे. दोन्ही मतांची प्रचीती प्रवाशाला येते. नोत्रदामच्या वरच्या सज्ज्यावरील विचारमग्न राक्षसमूर्ती मध्ययुगीन समजल्या जातात. त्या वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील आहेत. कार्कासॉनच्या बुरुजांना व्ह्यॉले-ल-द्यूकने उत्तरेकडील पद्धतीची शंकाकृती पाटीदगडी छपरे घातली. स्थानिक प्रथेशी ती विसंगत असल्याने विसाव्या शतकात काही बुरुजांवर कौले बसविण्यात आली. तथापि त्याने हाती घेतले नसते, तर यांपैकी कित्येक वास्तू आज उभ्याच नसत्या, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले आहे.

मालकी व कायदा : ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये राज्यसंस्था व धर्मसंस्था यांची फारकत झाली. या कायद्यान्वये व १९०७ मधील पूरक कायद्यान्वये त्यापूर्वी बांधलेली कॅथीड्रल शासनाच्या आणि बहुतेक इतर कॅथलिक चर्चे कम्यूनच्या, म्हणजे स्थानिक नगर वा ग्रामपालिकेच्या, मालकीची झाली. मात्र त्यांचा उपासनेसाठी विनामूल्य वापर करण्याचा भाविकांचा व धर्मगुरूंचा हक्क कायम राहिला. शासनाच्या मालकीची ८७ कॅथीड्रल आहेत. कम्यूनच्या मालकीच्या चर्चांची संख्या सु. ४०,००० आहे. अल्सेस व मोझेल हे प्रदेश त्यावेळी जर्मनीत असल्याने तेथे १८०१ च्या धर्मकराराची व्यवस्था अद्याप चालू आहे. त्यामुळे धर्मनिरपेक्ष राज्य हेच देशातील जुन्या चर्चवास्तूंचे सर्वांत मोठे मालक ठरले. १९१३ च्या कायद्याने ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षणाची चौकट पक्की केली व खाजगी मालकीच्या वास्तूंनाही संरक्षण देण्याची तरतूद केली.

प्रवाशाच्या दृष्टीने १९०५ च्या कायद्यातील एक तरतूद महत्त्वाची आहे. तीनुसार अशा उपासनावास्तूंना भेट देणे सर्वांस खुले असून त्यासाठी कर वा शुल्क आकारता येत नाही. म्हणून शार्त्र, आम्यँ, नोत्रदाम इ. कॅथीड्रलमध्ये प्रवेश विनामूल्य असतो. मनोरे, खजिना वा तळघर पाहण्यास मात्र सामान्यतः शुल्क असते. सँत शापेल येथे नियमित उपासना होत नसून ते स्मारक म्हणून चालविण्यात येते. त्यामुळे तेथे तिकीट काढावे लागते. २०२४ मध्ये फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी नोत्रदामच्या प्रवेशासाठी शुल्क आकारून त्यातून ग्रामीण चर्चांच्या दुरुस्तीसाठी निधी उभारण्याची कल्पना मांडली. पॅरिसच्या धर्मप्रांताने तिला विरोध केला. भाविक व प्रवासी असा भेद दारात करता येणार नाही, अशी त्याची भूमिका होती.

महायुद्धे व पुनर्बांधणी : रँस येथील कॅथीड्रलमध्ये अकराव्या शतकापासून १८२५ पर्यंत फ्रान्सच्या बहुतेक राजांचे राज्याभिषेक झाले. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कच्या उपस्थितीत सातव्या चार्ल्सचा अभिषेक येथेच झाला. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात या कॅथीड्रलभोवतीच्या लाकडी पराती पेटल्या आणि छप्पर जळून गेले. आंरी दनो या वास्तुविशारदाने लाकडाऐवजी प्रबलित काँक्रीटचे लहान, सुटे भाग जोडून छपराचा नवा सांगाडा उभारला. अमेरिकन उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य दिले. कॅथीड्रल १९३८ मध्ये पूर्णतः खुले झाले. याच वास्तूत ८ जुलै १९६२ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल व पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनौअर यांनी उपासनेला एकत्र उपस्थित राहून दोन्ही राष्ट्रांतील सलोखा प्रकट केला. पूर्वेकडील एका उपासनाकक्षात १९७४ मध्ये मार्क शागाल याने रचलेल्या चित्रकाचा बसविण्यात आल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर शार्त्र व इतरत्रच्या चित्रकाचा उतरवून सुरक्षित स्थळी हलविण्यात आल्या. रूआं येथील सँ-व्हँसां चर्च १९४४ मध्ये नष्ट झाले. परंतु त्याच्या सोळाव्या शतकातील चित्रकाचा अशा रीतीने आधीच काढलेल्या होत्या. जेथे १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कला जाळण्यात आले, त्या चौकात १९७९ मध्ये तिच्या नावाचे नवे चर्च पूर्ण झाले व त्यात या काचा बसविण्यात आल्या. राँशां येथील युद्धात उद्ध्वस्त झालेल्या उपासनामंदिराच्या जागी ल कॉर्ब्यूझ्ये याने बांधलेली वास्तू १९५५ मध्ये पूर्ण झाली. २०१६ मध्ये जागतिक वारसा सूचीत समाविष्ट झालेल्या त्याच्या वास्तुसमूहात राँशांबरोबर चंदीगढचे शासकीय संकुलही आहे. जुन्या वास्तूतील नव्या कलेचे आणखी एक उदाहरण काँक येथे आढळते. प्येर सूलाझ याने तेथील १०४ खिडक्यांसाठी तयार केलेल्या रंगहीन, अर्धपारदर्शक काचा १९९४ मध्ये बसविण्यात आल्या. प्रारंभी स्थानिकांनी त्यांना विरोध केला. आज त्या पाहण्यासाठीच अनेक प्रवासी काँकला जातात.

नगरांचे जतन : १९६० पूर्वीच्या दशकांत चर्च राखले जाई, परंतु त्याच्याभोवतीची जुनी घरे आरोग्यास घातक म्हणून पाडण्याकडे कल होता. एकोणिसाव्या शतकात अनेक कॅथीड्रलसमोरील घरे हटवून मोठे चौक केले गेले. नोत्रदामसमोरील विस्तीर्ण मोकळी जागा अशीच निर्माण झाली; मध्ययुगात अरुंद गल्लीच्या तोंडाशी दर्शनी भाग अकस्मात समोर येई. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने ४ ऑगस्ट १९६२ रोजी झालेल्या कायद्याने प्रथमच संपूर्ण जुन्या वस्तीला संरक्षित विभाग म्हणून मान्यता देण्याची तरतूद केली. लीआँची जुनी पेठ, सार्ला हे दॉर्दोन्यमधील गाव, पॅरिसमधील मारे विभाग इ. वस्त्या त्यामुळे वाचल्या. त्र्वा येथे गिलाव्याखाली दडलेल्या लाकडी चौकटींच्या घरांचे मूळ रूप पुढे हळूहळू उघड करण्यात आले.

या धोरणाची दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. घरे दुरुस्त झाल्यावर त्यांची भाडी वाढली व जुन्या वस्त्यांतील कारागीर, मजूर व गरीब कुटुंबे अनेक ठिकाणी बाहेर गेली. त्यांच्या जागी उपाहारगृहे, कलावस्तूंची दुकाने आणि हंगामी निवासस्थाने आली. इमारती राखल्या म्हणजे नगर राखले असे नव्हे, ही जाणीव त्यानंतरच्या नगरनियोजनात उत्तरोत्तर वाढत गेली आहे.

सद्यःस्थिती : १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्रदामचे ओक लाकडाचे मध्ययुगीन छप्पर आगीत नष्ट झाले व व्ह्यॉले-ल-द्यूकने उभारलेले शिखर कोसळले. नव्या, आधुनिक शिखराच्या कल्पना पुढे आल्या. परंतु २०२० मध्ये पूर्वीचेच रूप कायम ठेवण्याचा निर्णय झाला. एकेकाळी मनमानी म्हणून टीका झालेली एकोणिसाव्या शतकातील भर आता वारशाचाच भाग मानली गेली, हे यातून स्पष्ट होते. ओकच्या तुळया जुन्या पद्धतीने कुऱ्हाडीने तासण्यात आल्या. त्यामुळे लुप्त होऊ पाहणाऱ्या सुतारकामाला नवे कारागीर मिळाले. कॅथीड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले.

नोत्रदामसाठी जगभरातून देणग्या आल्या. लहान गावांतील चर्चांची स्थिती वेगळी आहे. ग्रामीण लोकसंख्या घटली, नियमित उपासकांची संख्या कमी झाली आणि एकेका धर्मगुरूकडे अनेक गावे आली. छपराच्या दुरुस्तीचा खर्च मात्र लहानशा कम्यूनलाच उचलावा लागतो व तो कधीकधी तिच्या कुवतीबाहेरचा असतो. त्यामुळे अनेक चर्चे आठवड्याचे बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. किल्ली ग्रामपालिकेच्या कार्यालयात वा शेजारच्या घरी मागावी लागते. १९९६ मध्ये स्थापन झालेले वारसा प्रतिष्ठान अशा वास्तूंसाठी स्थानिक वर्गणी गोळा करण्यास मदत करते. २०२३ मध्ये शासनाने ग्रामीण चर्चांसाठी राष्ट्रव्यापी लोकवर्गणीची मोहीम जाहीर केली व देणगीदारांना करसवलत दिली. दरवर्षी सप्टेंबरमध्ये पाळल्या जाणाऱ्या वारसा दिनांच्या निमित्ताने एरव्ही बंद असलेल्या वास्तूही पाहता येतात. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला हा उपक्रम पुढे यूरोपभर पसरला.

प्रसिद्ध कॅथीड्रलबरोबर एखादे ग्रामचर्चही पाहिल्यास या परंपरेचे संपूर्ण चित्र समजते. तेथे बहुधा मार्गदर्शक वा तिकीटखिडकी नसते. मात्र भिंतीच्या बांधणीतील फरकांवरून तिची निरनिराळी शतके ओळखता येतात, प्रथम महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांच्या नावांची पाटी अनेक ठिकाणी आढळते आणि छपराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली वर्गणीची पेटी दिसते. क्लूनीसारखे महान चर्च खरेदीदारांच्या हाती गेल्यावर पाव शतकात नाहीसे झाले. काँकचा ठेवा गावकऱ्यांनी घराघरांत दडवून राखला. या वास्तूंचे पुढील आयुष्य शिल्पकौशल्यापेक्षा, त्या आपल्या आहेत असे मानणाऱ्या लोकांवर अवलंबून आहे.